खोडलेली चटणी

लोकांनी काल काय खाल्लं, हे विचारण्याचा मला पगार मिळत असे. जबलपूरमध्ये साखरेच्या आजारावर एक संशोधन प्रकल्प चालू होता आणि मी त्यात घरोघर फिरून फॉर्म भरणारी बाई होते. ज्यांना नुकतीच साखर निघाली आहे त्यांच्या घरी जायचं, तीन दिवसांचं खाणंपिणं तपशीलवार लिहून घ्यायचं, लघवीच्या आणि शौचाच्या नमुन्यासाठी डब्या द्यायच्या, दुसऱ्या सकाळी त्या बर्फाच्या पेटीत घालून आणायच्या. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. दुसरी एखादी नाक मुरडून पळाली असती. मला ते काम मानवलं, कारण मला एका जागी बसवतच नाही, लहानपणापासून पायाला भिंगरी. सकाळी मदन महल, दुपारी नेपियर टाउन, तिथून स्कूटर हाणत आधारतालच्या पलीकडे महाराजपूर. घरी आल्यावरही मी चहा उभ्यानेच पिते. आई म्हणायची, "बसशीन तं पोटात जाईन ना वं तो चहा."

प्रकल्प चालवणाऱ्या मॅडम हिंदी बोलणाऱ्या, शांत, खालच्या आवाजात समजावून सांगणाऱ्या होत्या. भाज्यांत, सालींत, बियांत जे कडू, तुरट, रंगीत असतं त्यात पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यातली बरीचशी आपल्याला स्वतःला पचवता येत नाहीत. ती तशीच मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथे मुक्काम ठोकलेले जीवाणू ती तोडतात. त्यातून जे निघतं ते रक्तात उतरतं. त्याचा साखरेवर, चरबीवर काही उपयोग होतो का, हे आम्ही शोधत होतो. "हम अकेले नहीं खाते, हमारे साथ वो भी खाते हैं," असं मॅडम म्हणायच्या. प्रत्येकाच्या पोटातली पंगत वेगळी, त्यामुळे एकच पदार्थ दोघांनी खाल्ला तरी दोघांना त्यातून वेगवेगळं मिळू शकतं. म्हणून फॉर्म खरा हवा. तोंडातून काय गेलं तेच चुकीचं लिहिलं, तर पुढच्या सगळ्या तपासण्या पाण्यात.

आणि फॉर्मवर तर अख्खं जबलपूर फळं खातं. कोणी तळलेलं खात नाही, कोणी चहात साखर घालत नाही, रात्री सगळे मूग डाळीची खिचडी खाऊन झोपतात. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. मी मात्र पक्की होते. बोलता बोलता मी कचऱ्याची बादली बघे, फ्रिजवर काय ठेवलंय ते बघे. नेपियर टाउनमधले एक निवृत्त हेडक्लार्क मला म्हणाले, "मीठा तो मैंने छोड़ ही दिया, दीदी." टेबलावरच्या वर्तमानपत्राखालून खोव्याच्या जलेबीच्या डब्याचा कोपरा दिसत होता. मी डबा बाहेर ओढला आणि विचारलं, "ये किसका है, चाचाजी?" "पोते का." नातू कुठे असतो? पुण्यात. मी त्यांच्यासमोर लिहिलं : खोव्याची जलेबी, दोन नग. ते रुसले, पण सही केली. मॅडम माझ्यावर खूश असत. म्हणत, "आपसे कोई झूठ नहीं बोल सकता."

आता जे सांगायचं आहे ते सांगताना आजही माझे कान गरम होतात. माझ्या यादीत बारा घरं आपल्या लोकांची होती. आपल्या म्हणजे विदर्भातून आलेल्या बौद्ध मराठी लोकांची. कोणाचे वडील फॅक्टरीत, कोणाचे रेल्वेत, कोणी केंद्र सरकारच्या ऑफिसात. माझे आजोबा इथल्या तोफांच्या कारखान्यात लागले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होतं. पुढे राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. नोकरी इकडची, नातीगोती तिकडची. गावाकडून येणारा माणूस ज्वारी आणि जवस घेऊन यायचा आणि आमची घरं जेवायची त्यावरच. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कण्या, अंबाडी, तरोट्याची भाजी, सुकट.

या बारा घरांत माझा हात वेगळा चाले. काकूंनी सुकट सांगितली की मी "मछली" लिही. तरोटा म्हटलं की "हरी सब्ज़ी". कण्यांना "दलिया", भाकरीला "रोटी". जवसाची चटणी तर मी लिहितच नसे. चटणी ती काय, चिमूटभर असते, तिने काय फरक पडतो, असं मी स्वतःला सांगे. खरं कारण मला ठाऊक होतं. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत असताना पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीलगत तरोटा माजायचा आणि आई त्याची कोवळी पानं खुडायची. मी आठेक वर्षांची असेन, जुडी हातात धरून उभी होते. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथून जाताना थांबली आणि म्हणाली, "तुम लोग घास खाते हो?" तिने जात विचारली नव्हती, पण तिला उत्तर मिळालं होतं. मी जुडी तिथेच टाकली. आईने ती उचलली, धुतली, रात्री भाजी केली आणि मी जेवले नाही. त्या दिवसापासून आमचं ताट मी लोकांपासून झाकत आले. मॅडम त्या मुलीसारख्या नव्हत्या, हे मला कळत होतं. पण फॉर्म त्याच वाचणार होत्या.

मग प्रकल्पाच्या तपासणी शिबिरात माझ्याच आईला साखर निघाली. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघीच. मॅडम म्हणाल्या, "आपकी माताजी को भी ले लेते हैं." घरच्या माणसाचा म्हणून तिचा फॉर्म नियमाप्रमाणे माझ्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदारणीने भरायला हवा होता. ती रजेवर होती. मी म्हटलं, भरते मीच. नाव झाकून प्रत्येकाला नंबर दिलेला असे, आईचा नंबर एकतीस.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसून अंबाडी निवडत होती. मी नेहमीसारखी दाराच्या चौकटीला टेकून, क्लिपबोर्ड पोटाशी धरून उभी. तिने सरळ सांगितलं, "सकारी भाकर नं जवसाची चटणी. दुपारी कण्या, ताक. राती तरोट्याची भाजी, भाकर. चटणी तं तिन्ही टाइम असते." हाताला सवय होती म्हणून मी लिहूनही टाकलं. मग वाचलं. मॅडम चष्मा वर सारून हे वाचताहेत असं दिसलं. आणि मी एकेक ओळ खोडली. नवा फॉर्म घेतला आणि त्यावर लिहिलं : गेहूँ की रोटी, दाल-चावल, आलू-गोभी, सेब.

आईने बघितलं. ती सातवी शिकलेली, हिंदी चांगली वाचते. "काहून खोडलं वं? अन् सफरचंद कोनं खाल्लं?"

"आई, सगळेच असं लिहितात."

"मी नाही खाल्लं."

"अगं, नुसता फॉर्म आहे! मला अजून दोन घरं करायची आहेत, दे सही."

फॉर्मच्या शेवटी एक हमी होती. अभ्यास चालू असताना खाणं बदललं तर हिशेब लागत नाही, म्हणून प्रत्येकाकडून ती लिहून घेत : डॉक्टर सांगतील तेवढं सोडून, सहा महिने मी माझं हेच भोजन ठेवीन. आईने ते दोनदा वाचलं. "हेच जेवन?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो गं, कर पटकन." तिने नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश पूर्ण सही केली. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिला दिली. मी पायात चपला सरकवून निघाले.

पुढच्या आठ-दहा दिवसांत ज्वारीचा डबा रिकामा झाला आणि पुन्हा भरला नाही. आई गव्हाचं पीठ आणू लागली. डब्यात मला पोळी आणि बटाटा-फ्लॉवर मिळू लागला. संध्याकाळी ती एक सफरचंद चार फोडी करून, औषध घेतल्यासारखं तोंड करून खायची. मला वाटलं, दुखण्याने का होईना, आई सुधारली. हे लिहायची लाज वाटते, पण मी खूश होते. ऑफिसात डबा उघडताना मी भिंतीकडे तोंड करून बसायची, ते बंद झालं. मॅडमनी एकदा माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी घेतली आणि छान झालीय म्हणाल्या. मी दिवसभर तरंगत होते.

तीन महिन्यांनी आईची साखर वाढली. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढे आणखी वाढली, त्यांनी आणखी एक गोळी दिली. रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक उतारा वाचून दाखवायचं काम आईचं होतं. ती वाचताना अडखळू लागली, मग पुस्तक लांब धरू लागली, मग एका रविवारी तिने ते शेजारच्या बाईला दिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसताहेत, साखर आवरा. सहा महिन्यांच्या दुसऱ्या फेरीला माझ्या यादीतल्या घरी जोडीदारीण गेली; तोवर आईच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी साडेसातवरून साडेनऊच्या पुढे गेली होती. डॉक्टर म्हणाले, "सोमवार को आइए, इन्सुलिन शुरू करेंगे."

हे मी आईला सांगितलं. तिची थोरली बहीण, नागपूरची मावशी, इन्सुलिन सुरू झाल्यावर वर्षभरात आंधळी झाली होती. मावशीचे डोळे आधीच गेल्यात जमा होते, सुई उशिरा आली, हे मी आईला दहा वेळा समजावलं असेल. पण तिच्या मनात ते पक्कं बसलं होतं : सुई आली की डोळे जातात. ती घरातल्या वस्तू हातात घेऊन बघत बसू लागली. बाबांचा फॅक्टरीचा पास, माझा शाळेतला फोटो. मला ते बघवेना. आणि मला काही बघवेनासं झालं की मी भांडते.

"चोरून काय खातेस तू?" मी तिला विचारलं.

"काय चोरून?"

"साखर उगाच नाही वाढत, आई. रोज शंभर लोकांचं ऐकते मी."

मी तिच्यासमोर डबे उघडले. फडताळात हात घातला. कचऱ्याची बादली पालथी केली. पोरीने आईच्या घरी धाड घालावी, तशी. आई पाटावर बसून बघत राहिली. मग म्हणाली, "जे लिवलं तेच खाऊन राहिली मी." मी ते ऐकलं आणि माझ्या कानावरून गेलं. मला तेव्हा जलेबीचा डबा हवा होता.

शनिवारी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. बाहेरच्या प्रयोगशाळेतून लघवीच्या दोन्ही नमुन्यांचे निकाल एकदमच आले होते. मॅडमसमोर माझे फॉर्म आणि ते निकाल शेजारी शेजारी मांडलेले. "ये इकतीस नंबर देखिए," त्या म्हणाल्या. मी उभीच होते, गुडघे टेबलाला लावून.

जवसात एक द्रव्य असतं, त्यांनी मला समजावून सांगितलं. ते आतड्यातले जीवाणू तोडतात, आणि तोडल्यावर जे तयार होतं ते रक्तात फिरून लघवीत उतरतं. तिळातूनही थोडं उतरतं, पण जवसाइतकं फारसं कशातून नाही. एकतीस नंबरच्या पहिल्या नमुन्यात ते भरपूर होतं. बाकी काही नमुन्यांतही ते थोडंफार उतरलं होतं, पण इतकं कोणाच्याच नाही. "और फॉर्म में अलसी का नाम तक नहीं है. तिल भी नहीं." मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "छह महीने बाद, लगभग कुछ नहीं. और बैक्टीरिया दोनों बार वही के वही हैं. बस उनको खाने को कुछ मिला नहीं."

त्यांचा अंदाज असा होता की पहिल्या वेळी डबी बदलली गेली. "इसको लिस्ट से निकाल देते हैं," त्या म्हणाल्या आणि पेन उचललं. "निकालूँ ना?"

चोराच्या मनात चांदणं असतं, तसं माझं झालं होतं. माझ्या कपाळावर सगळं लिहिलेलं त्यांना दिसतंय, असं मला वाटत होतं. त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी "जी मॅडम" म्हटलं आणि बाहेर आले.

स्कूटर काढली. त्या दिवशी तीन घरं करायची होती, एकही केलं नाही. मदन महलच्या स्टेशनापाशी पोहोचले, तिथून उगाच वळले, पुन्हा नेपियर टाउनमध्ये आले, डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरून गेले. हॉर्न वाजवत होते समोर कोणी नसताना. जे लिवलं तेच खाऊन राहिली मी. आता ते ऐकू येत होतं.

घरी आई पोळ्या लाटत होती. मी हेल्मेट न काढताच विचारलं, "आई, जवसाची चटणी कधीपासून नाही केली तू?"

"सही केली तवापासून."

"काहून पण?"

तिने लाटणं थांबवलं नाही. "काहून म्हणजे? तू जे लिवलं त्याच्यात जवस नाही. हेच जेवन ठेवीन म्हणून माह्याकडून सही घेतली. मंग?"

"अगं, ते नुसतं कागदावर होतं!"

"कागदावरच तं होतं. माही सही हाय त्याच्यावर." तिने पोळी तव्यावर टाकली. "दर रईवारी विहारात सगळ्यायसमोर मनते मी, खोटं बोलनार नाही. अन् घरी येऊन खोट्यावर सही केली. तुले काही मनता येत नव्हतं, तुह्या नौकरीचा सवाल. मंग मनलं, कागद खोटा हाय तं आपनच कागदासारखं व्हावं. मंग ते खोटं राहत नाही."

"आणि जमलं तुला?"

"भूक मरत नव्हती ना वं. पोळीनं पोटच नाही भरत माह्यं. दोनच्या चार होत. अन् भात."

मला आधी तिचाच राग आला. एवढी कसली सत्याची चाड, मला एका शब्दाने विचारायचं होतं! मग आठवलं की तिने विचारलं होतं. "हेच जेवन?" असं विचारलं होतं आणि मी "कर पटकन" म्हटलं होतं. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले आणि रडले. आईने गॅस बंद केला, माझं हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "जाऊ दे आता. कोनाले सांगू नको."

सोमवारी दवाखान्याच्या आधी मी तिला ऑफिसात घेऊन गेले. कशाला चाललोय ते तिला नीट सांगितलं नव्हतं, एवढंच म्हटलं होतं की मॅडमना तुझं खाणं पुन्हा लिहून घ्यायचंय. तिने विहारात नेसायची पांढरी साडी नेसली. आत शिरताच हात जोडून म्हणाली, "जय भीम, मॅडम." मॅडम उठल्या, "नमस्ते माताजी, बैठिए."

"मॅडम, डबी बदलली नव्हती," हे मी हिंदीत कसंबसं म्हटलं. "एकतीस नंबर ये हैं. मेरी माँ."

मॅडमनी कोरा फॉर्म पुढे ओढला आणि स्वतः लिहायला घेतलं. आई एकेक सांगत गेली, आमच्या घरच्या हिंदीत : ज्वार की भाकर, अलसी की चटनी तीन टाइम, कण्या, अंबाडी, चरोटा, सूखी मछली. मॅडम मध्ये मध्ये विचारत, किती चमचे, भाजून की कच्ची, भाजी उकळून पाणी टाकता का. त्यांच्या चेहऱ्यावर मी सहा महिने ज्याची धास्ती घेतली होती ते काहीच उमटलं नाही. उलट चरोट्याबद्दल, म्हणजे आमच्या तरोट्याबद्दल, त्यांनी दोनदा विचारलं, कारण तो त्यांनी कधी खाल्ला नव्हता. मग त्यांनी पेन ठेवलं.

"माताजी, ये सब आपने पहले क्यों नहीं लिखवाया?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ती म्हणाली, "भूल गई मैं. उमर हो गई ना."

जिने एक खोटं कागदावर राहू नये म्हणून सहा महिने आपल्या रक्तात साखर भरली, ती बाई माझ्यासाठी तोंडावर खोटं बोलली. ते मला सहन झालं नाही.

"नहीं मॅडम," मी म्हटलं. "इन्होंने बताया था. मैंने काटा."

"चूप ऱ्हाय," आई पुटपुटली.

"क्यों काटा?" मॅडमनी विचारलं.

"शर्म आती थी."

मॅडमनी रजिस्टर उघडून माझ्या घरांच्या यादीवर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "और कितने?"

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी मनात घरं मोजली, गरज नव्हती तरी. "बारह घर, मॅडम. इनको छोड़कर."

त्यांनी रजिस्टर मिटलं. दोन वर्षांच्या कामातली तेरा माणसं गेली होती, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, मला काढून टाकायचं की नाही ते त्या नंतर बघतील, आधी मी त्या प्रत्येक घरी जायचं आणि मी काय केलं ते माझ्या तोंडाने सांगायचं. मग त्यांनी डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली आणि आईला हळू आवाजात म्हणाल्या, "अलसी से शुगर ठीक होती है, ये मैं नहीं कह रही. एक इंसान से कुछ साबित नहीं होता. पर आप जो पहले खा रही थीं, वो आपको रास आ रहा था. उसी पर लौट जाइए."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. भाकरीवर परत या, चटणी खा, पालेभाज्या खा, सगळं छान म्हणाले. मी आशेने बघत होते. पण डोळे थांबणार नाहीत, ते म्हणाले, साखर आता खाली आणायला हवी, नुसत्या खाण्याने ती उतरेपर्यंत वाट बघता येणार नाही. इन्सुलिन आजपासून. पुढे साखर आली तर डोस कमी करू, कदाचित बंदही करू, आत्ता कबूल करत नाही. आईने त्यांना विचारलं, "डॉक्टरसाहब, आँखें तो रहेंगी ना?" ते म्हणाले, "उसी के लिए तो दे रहे हैं, माताजी." नर्सने मला पोटाची चिमूट कशी धरायची ते दाखवलं आणि पहिली सुई मलाच टोचायला लावली. आईने डोळे गच्च मिटले होते. सुई काढल्यावर तिने ते उघडले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे हळू हळू वाचून बघितले.

दुसऱ्या दिवशी मी महाराजपूरला पहिल्या घरी गेले. तिथल्या काकूंचा नवरा फॅक्टरीतून निवृत्त झालेला, मुलगा बाहेरगावी. काकूंनी दार उघडलं, जय भीम झालं, त्यांनी खुर्ची पुढे केली. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. काकू, तुम्ही जवस, तरोटा, सुकट सांगितलं होतं, मी जवस गाळला आणि बाकीच्याच्या जागी भलतंच लिहिलं.

त्यांना पटकन समजलं नाही. त्या आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतली फॉर्मची प्रत घेऊन आल्या. बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलेली असावी, तिला उदबत्तीचा वास होता. "हे मंग?"

"ते चुकीचं आहे, काकू. माझी चूक आहे."

"आमी तं हेच खाऊन राहिलो. जवस मी देऊनच टाकला गाववालीले, पाच किलो होता." त्यांनी फॉर्मवरून बोट फिरवलं. "मले वाटलं, तू आपल्यातली, शिकलेली, दवाखान्यात काम करते. तूनं काटलं म्हणजे ते खराब असन. तुले ठाऊक असन म्हणून काटलं असन. खराब हाय का?"

"नाही. चांगलं आहे."

"मंग काहून काटलं?"

"मला लाज वाटली."

"कायची? भाजीची?"

मी हो म्हटलं. त्यांनी फॉर्मची घडी घातली, पुन्हा उलगडली. बाहेर अंगणात काका कोणाशी तरी मोठ्याने बोलत होते. मला तिथून पळून जायचं होतं आणि अजून अकरा घरं होती.

"माही साखर आली असन ना? मांगच्या महिन्यात रगत नेलं होतं," त्यांनी विचारलं. "कितीवर हाय?"

त्यांचा रिपोर्ट माझ्या बॅगेत होता. मी तो काढला आणि आकडा वाचून दाखवला. तो आईच्या आकड्यापेक्षा मोठा होता.